कंसातलं मोठ्यानं वाचू नये

मुक्काम सोलापूर, विद्यार्थी बोर्डिंग,
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी.

तीर्थरूप आबांच्या पायांवर सिदूचे डोके. आईच्या पायांवरही. आपण मेंढरांसह वाडीस सुखरूप पोहोचल्याचे सिद्धप्पाअण्णांच्या कार्डावरून समजले व जीव भांड्यात पडला. काळ्या एडक्याचा खूर बरा झाला का? आईचा गुडघा कसा आहे?

(सिद्धप्पाअण्णा, थांबा! हे दोन बाक दिसत्यात न्हवं, इळ्यासारखे, एक उघडणारा आन् एक मिटणारा, त्यांच्या आतलं तुमच्या एकट्यासाठी हाय. मोठ्यानं वाचायचं न्हाय. ही ओळ मोठ्यानं वाचून झाली असंल तर खोका, पाणी मागा आन् फुडं चला. मागच्या खेपेला तुमी आतलं-भाईरलं सगळं वाचलंत, पोस्टाचा शिक्कासुद्दा सोडला न्हाय. बोर्डिंगातली भाकरी वहाणेच्या तळव्यागत असती असं मी नुसतं मन मोकळं कराया लिवलं हुतं, तर आईनं आबांच्या खांद्यावर भाकरीचं गाठोडं दिलं, आन् मजल-दरमजल करीत हितं पोचेस्तोवर त्याचीबी वहाणच झाली. तुमी वाणी माणूस, दुकान सोडून पत्र वाचाया येता हे उपकारच हायती, पण सगळ्या वाडीत अक्षर वळखणारे तुमी एकलेच. मग मी दुसऱ्या कुणाला सांगू? आन् हां, एडक्याचं आदी इचारलं म्हून आई रुसंल. वाचताना गुडघा आदी घ्या.)

आबा, तुम्ही शाळेत येऊन गेल्यापासून आपल्या घराण्याचे नाव सोलापुरात गाजत आहे. शिपायापासून हेडमास्तरसाहेबांपर्यंत सर्वजण मला ओळखतात. पूर्वी मी वर्गात आलो की गेलो याची कोणी दखल घेत नसे. आता मी उंबऱ्यावर पाऊल टाकले की सर्व मुले एका आवाजात माझे स्वागत करतात. (बँऽऽ करून. मास्तर फळ्याकडं वळले की पुन्यांदा बँऽऽ.) माझा अभ्यासही उत्तम चालू आहे. ‘दिवाळीची सुट्टी मी कशी घालवली’ या विषयावर आम्हांस निबंध होता. मी मेंढरांच्या कातरणीवर लिहिला. तो मास्तरांना इतका लक्षात घेण्यासारखा वाटला की त्यांनी तो सगळ्या वर्गास उभे राहून वाचून दाखवला.

(अशुद्ध कसं लिहू नये ते दावाया वाचला. माज्या शेजारचा वकिलाचा पोरगा तर बाक धरून हसत हुता. अण्णा, मी ढ न्हाय हो. पण ह्या पोरांच्या घरात आई भाजी चिरताना श्लोक म्हणती, बाप जेवताना पाढे इचारतो, चुलता इंग्रजी पेपर वाचतो. ती शाळेत येत्यात तवा निम्मी शाळा त्यांच्या घरीच झालेली असती. मी आपला पहिल्या घंटेपासनं सुरू करतो आन् सुटायच्या घंटेपतोर त्यांच्या मागनं पळतो. मास्तर म्हणत्यात, घरी वडिलांकडून पाठ तपासून आणा, प्रगतिपुस्तकावर सही आणा. आता आबा कुटल्या माळावर हायती ते मलाच ठाऊक नसतंय! म्हून मी बोर्डिंगातल्या सैपाकीणबाई फुलाबाई, त्यांचा अंगठा घेतला. त्या नेमक्या आमटीला फोडणी देत हुत्या. अंगठा पिवळाधमक उठला. मास्तर वास घेऊन म्हणाले, तुझे वडील हळदीचा व्यापार करतात का? मी मान हलवली, ती व्हय म्हणाया का न्हाय म्हणाया, ते माजं मलाच ठरवता आलं न्हाय.)

असो. तुमच्या येण्याची हकीकत आईला तुमच्या तोंडून कळली असेलच, पण तुम्ही स्वतःचा मोठेपणा सांगणार नाही, म्हणून मीच लिहितो. आई, शाळेने आबांना बोलावणे धाडले होते की, विद्यार्थ्यास नादारी चालू ठेवण्यापूर्वी पालकांनी समक्ष येऊन आपल्या सांपत्तिक स्थितीविषयी समितीची खात्री पटवावी. आबांनी अशी खात्री पटवली की शाळा अद्याप त्यातून सावरलेली नाही.

(ते बोलावणं तुमीच वाचून दावलंत, अण्णा, आन् अर्थबी तुमीच सांगितलात: शाळावाले आपलं घर बघाया मागत्यात, घर तालेवार हाय का न्हाय. झालं! आपल्याकडं सोयरीक बघाया पाव्हणे येणार म्हटलं की शेजाऱ्याची जनावरं आणून आपल्या दावणीला बांधायची रीत. आबांनी तेच केलं. मायाप्पामामाचं मेंढरांचं खांड आपल्या खांडात मिसळून घेतलं. तुमी तुमचा जरीचा फेटा दिलात. आन् समद्या वाटंनं ही वरात सोलापूरला आली. आता तुमाला खरं सांगतो, कारण तुमी फेटा दिलाय म्हंजे ह्यात तुमचाबी हात हाय. नादारी गरिबाच्या पोराला मिळती. बापाला फी झेपत न्हाय असं बघून माफ करत्यात. मी आबांना सांगितलं हुतं की हुशारीबद्दल मिळती. मिळाली त्या दिवशी आबांनी देवाला नारळ फोडला, आन् वाडीत सगळ्यांना ‘पोराला नादारी दिली’ असं पाटीलकी दिल्यागत सांगत फिरले. तुमीबी त्यावर गूळ वाटला. मग मी काय बोलू?)

तर आबा आदल्या दिवशी संध्याकाळीच आले. शाळेचे मैदान म्हणजे नुसता मुरूम, गवताची काडी नाही. आबांना वाईट वाटले. मास्तरांनी आपल्या पोराला अक्षर दिले, तर आपल्याकडे जे आहे ते आपण द्यावे, असा विचार करून त्यांनी दोन्ही खांडे मैदानावर बसवली. आई, तुला ठाऊकच आहे, आपली मेंढरे एक रात्र बसवून घ्यायला बागाईतदार धान्य मोजतात, आर्जवे करतात. ते खत आबांनी शाळेला फुकट दिले. मीही त्या रात्री बोर्डिंगात न झोपता आबांच्या घोंगड्यातच झोपलो. (सोलापूरला आल्यापासनं तेवडी एकच झोप मला लागली.) सकाळी मैदान काळेभोर झाले होते. त्याच मैदानावर त्या दिवशी कवायत होती व समितीच्या मंडळींचे बूट पांढरे होते, ही गोष्ट कोणाच्या लक्षात राहिली नव्हती. ड्रिलमास्तरांनी ‘सावधान’ म्हटले आणि तेच आधी घसरले. परंतु पुढे हेडमास्तरसाहेबांच्या पत्नीने आपल्या मोगऱ्यासाठी पाट्या भरून नेल्या, आणि शिपायाने उरलेले घरच्या परसात नेले, तेव्हा देणगीची किंमत कळणारे लोक शाळेत आहेत हे सिद्ध झाले.

नंतर समिती बसली. आबा जरीचा फेटा बांधून, चांदीचे कडे वर करून उभे राहिले. एका वकीलसाहेबांनी खिडकीतून बाहेर बघत विचारले, ही मेंढरे कोणाची? आबा म्हणाले, माजीच की जी. सगळी? सगळी. आणि घरी? घरी आन्की हायती. मग पोराला शिकवायला तुम्हाला काही अडचण? आबांची छाती फुगली. ‘साहेब, आमच्या पोराला काय बी कमी पडू द्येनार न्हाय.’ असे उत्तर त्या खोलीत कोणी दिले नसावे. मग वकीलसाहेबांनी मला पुढे बोलावले व विचारले, मुला, तुझे वडील सांगतात ते खरे का? मी म्हणालो, होय जी, सगळी आमचीच आहेत.

(अण्णा, मला ठाऊक हुतं. तोंडातनं ‘होय’ निघतंय तवाच ठाऊक हुतं की नादारी गेली. पण आबा माज्याकडं बघत हुते. देवळात लेकराला पहिल्यांदा घंटा वाजवाया उचलून धरत्यात न्हवं, तवा बाप बघतो तसं बघत हुते. त्यांच्याम्होरं मी काय म्हणू, निम्मी मामाची हायती? आन् हा फेटा वाण्याचा हाय? हेडमास्तरसाहेबांनी चष्म्यावरनं माज्याकडं लई वेळ बघितलं. त्यांना कळलं असावं. पण कागदावर काय लिवायचं ते वकीलसाहेबांनी लिवून टाकलं. आबा भाईर आले, माज्या पाठीवर थाप मारली आन् म्हणाले, ‘खूश झाले की रं सायब लोक.’ मग मला शेव-चिवडा घेऊन दिला, स्वतः खाल्ला न्हाय, आन् खांड हाकून निघाले. मी वेशीपतोर गेलो. शेवटची मेंढरं दिसायची बंद झाली तरी धूळ दिसत हुती. धूळ खाली बसेस्तोवर उभा ऱ्हायलो.)

बाकी येथे माझे उत्तम चालले आहे. खाणेपिणे ठीक आहे. गिरण्यांचा भोंगा पहाटे उठवतो, त्यामुळे आळस राहिला नाही. सोबतीही पुष्कळ आहेत. रविवारी मुलांचे पालक भेटायला येतात, डबे आणतात, अंगण भरून जाते, करमणूक होते. (मी कोपऱ्यातल्या पायरीवर भूगोल घेऊन बसतो. कुणी इचारू नये म्हून. बाजारच्या दिवशी जिथं मेंढरं इकाया येत्यात तिथं जातो आन् नुसता वासाला उभा ऱ्हातो. परवा एका व्यापाऱ्यानं इचारलं, घ्यायचंय का रं? मी एका मेंढीचे दात बघितले, किंमत पाडून मागितली, आन् सौदा जमतोय असं दिसल्यावर पळून आलो. अण्णा, मला हितं लई एकटं वाटतं. ‘हाय’ म्हटलं की ही पोरं हसत्यात, म्हून मी ‘आहे’ म्हणाया शिकलो. आन् आबा आले तवा मी ‘आबा, जेवण झाले आहे का’ म्हणालो, तर आबा हसले आन् मला सायब म्हणाले. मायेनंच म्हणाले. पण तवापासनं मला कळंना झालंय, मी कुटं कसं बोलावं. ह्या पत्राचंबी तसंच झालंय बघा. भाईरचं शाळेतलं, आतलं घरचं.)

तरी आबा, एक विनंती आहे. पुन्हा शाळेत येण्याचे कष्ट घेऊ नयेत. अंतर फार आहे, वाटेत चाऱ्याचे हाल होतात, आणि मास्तर लोकांनाही तुमचा योग्य पाहुणचार करता आला नाही याची चुटपुट लागून राहते. मीच उन्हाळ्यात घरी येईन. आईने गुडघ्याला निर्गुडीचा शेक घ्यावा. मायाप्पामामास नमस्कार व त्यांच्या मेंढरांना ओळख द्यावी.

आपला आज्ञाधारक,
सिदू

ता. क. – नादारीचे काम ठीक आहे. समिती पुढच्या महिन्यात पुन्हा बसणार आहे, कारण माझ्यासारख्या विद्यार्थ्याविषयी एका बैठकीत निर्णय करणे त्यांना घाईचे वाटले.

(ता. क. दुसरा, फकस्त अण्णांना. हेडमास्तरसाहेबांनी मला खोलीत बोलावून सांगितलं हाय: पाटलाचा दाखला आणलास तर तुजं नाव पुन्यांदा समितीम्होरं ठेवतो, न्हायतर फी भर, ती जमंना तर शाळेतनं नाव कमी. तवा आबांच्या नावानं तुमीच एवडं लिवा आन् त्यावर पाटलाचा शिक्का घ्या: ज्ञानबाची निम्मी मेंढरं मेव्हण्याची, जमीन न्हाय, दुसरी मिळकत न्हाय, पोराच्या शिक्षणाचा खर्च झेपत न्हाय. सगळं खरंच हाय, कुणाच्या नरड्याला धरून लिवून घ्यावं लागणार न्हाय. पण आबा रानात असत्याल तवा जा. पाटलाच्या भावाला चावडीतनं कायतरी निमित्त काढून भाईर घालवा, त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. आबांना कळलं तर ते दाखला फाडत्याल, खांड बाजारात नेत्याल आन् फी भरत्याल. मग माजी शाळा ऱ्हाईल आन् आबांचं काय ऱ्हाईल? दाखला पाकिटात घाला. कार्डावर नको. कार्ड पोस्टातले लोक वाचत्यात.)

(ता. क. तिसरा. उत्तर आबा सांगत्याल तसंच लिवा. ‘आम्ही सर्व खुशाल, तू अभ्यास कर’ असं ते सांगत्याल, ते मला पाठ हाय. पण त्याच्याखाली दोन बाक काढा आन् आत तुमच्या मनानं एवडंच लिवा, की हे पत्र वाचताना आबा कुटल्या ओळीला हसले. ते सवता कधी सांगनार न्हाईत, आन् तुमच्याबिगर तितं बघणारं दुसरं कुणी न्हाय. हसले नसतील, तर अण्णा, तुमीच एखादी ओळ निवडून लिवा.)