रुख्माचा वॉल्व्ह

४ नोव्हेंबर १९३८. गोंदिया.
बायकोला, रुख्माला, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, काळजातला एक वॉल्व्ह आखडला आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्याचा परिणाम. रक्त आत तुंबतं, गोठतं. एखादी गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धांग. थेंबांचं औषध, पूर्ण विश्रांती.
राइस मिलच्या वाफेच्या इंजिनावर मी अठरा वर्षं मिस्त्री आहे. मला वॉल्व्ह शिकवतात. एक तरी हाताने घासला आहे का, विचारणार होतो. विचारलं नाही.

९ नोव्हेंबर.
थेंबांनी नाडी उतरली. घड्याळ लावून मोजली. बहात्तर. पूर्वी शंभरावर होती, अडखळत का होईना. प्रेशर कमी पडतंय हे उघड आहे. औषध बंद. उभं इंजिन जाम होतं, चालणारं होत नाही. उद्यापासून रुख्माने रोज स्टेशनपर्यंत चालायचं.

१२ नोव्हेंबर.
चालली. दोनदा बसली. ओठ निळे. थंडी आहे.
तिचा भाऊ टेकचंद अर्जुनीहून आला. म्हणाला, "भाऊजी, काऊन चालवून राहिले तिले? बाई हाय ते, तुमचं इंजन नाही." घरी नेतो म्हणाला. नाही म्हटलं. धानाच्या बांधीतल्या माणसाला वाफेतलं काय कळणार. संध्याकाळच्या गाडीने गेला. गाडीची शिट्टी होईपर्यंत रुख्मा दारात उभी होती. म्हणजे उभं राहायला त्रास नाही.

१९ नोव्हेंबर. सकाळ.
तिच्या उजव्या हातातून तांब्या पडला. पाव तास हात उचलेना, बोलता येईना. मग सगळं ठीक. मोहाच्या तेलाने चोळलं. झोपेत हात अंगाखाली आला असेल. ती तेव्हा चूल पेटवत होती हे खरं. तरी.
डॉक्टरांना कळवलं नाही. थेंब देता का, विचारतील.

२१ नोव्हेंबर.
थेंब पुन्हा सुरू करावेत? मिलमध्ये नवं धान आलंय, डोकं ठिकाणावर नाही. रविवारी नक्की ठरवायचं.

२४ नोव्हेंबर. दुपार. दवाखाना.
सकाळी सडा टाकताना पडली. उजवी बाजू हलत नाही. तोंड वाकडं. डोळे उघडे आहेत, हे चांगलं लक्षण.
डॉक्टरांनी तिला विचारलं, नवऱ्याचं नाव काय. ती गप्प. मला हसू आलं. बावीस वर्षांत, लग्नातला उखाणा सोडला तर, तिने माझं नाव घेतलेलं नाही. आमच्याकडे कोणती बाई घेते? शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये. त्यांना तसं समजावलं.
त्यांनी ऐकून घेतलं. मग तिच्याजवळ वाकले. "बाई, तुमचं नाव सांगा."
तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, नाव आलं नाही.
शेवटी तिचं नाव मी सांगितलं.