संस्काराच्या तासाविरुद्ध अर्ज

तीर्थस्वरूप ताईस (हा शब्द आमच्या तत्त्वांत बसत नाही, पण नुसतं 'ताई' लिहिलं तर तू आठवडाभर रुसशील), धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? आम्ही तिघं ठणठणीत आहोत. याला तू 'कृपा' म्हणशील आणि मी 'योगायोग', तेव्हा तो विषय नको.

पण नेमका तोच विषय आमच्या स्वयंपाकघरात शिरलाय. भिंगरीच्या शाळेच्या वेळापत्रकात दर गुरुवारी 'संस्कार' असं लिहिलं होतं. आम्हाला वाटलं, हात धुणं, रांगेत ढकलाढकली न करणं, असं काहीतरी असेल. (हिने तर शाळेचं कौतुक शेजारी दोन घरांत करूनही टाकलं.) एका गुरुवारी जेवताना त्या पाच वर्षांच्या कार्टीने माझा घास वरच्या वर अडवला. "बाबा, आधी देवाला थँक्यू म्हण." मी म्हटलं, भाजी मी चिरली, मीच परतली. "मग तुला कुणी बनवलं?" मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "तुझ्या आजीने." भिंगरीने डोळे मिटून आजीचे, म्हणजे तुझ्या-माझ्या आईचे, आभार मानले, तेव्हा कुठे आम्हाला जेवायला मिळालं.

तू हसत असशील. मला मात्र तेव्हा फार तत्त्वनिष्ठ वाटत होतं. अर्ज चारदा लिहिला. (पहिल्यात रागच जास्त होता, दुसऱ्यात विज्ञान, तिसऱ्यावर हिने चहा सांडला.) मग लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून तसाच, ग्रीसने माखलेल्या कपड्यांत शाळेत गेलो. पालकांना बसायला तिथे बालवाडीच्या खुर्च्या आहेत. मुख्याध्यापिका बोलत होत्या आणि माझे गुडघे कानाशी होते. अशा अवस्थेत माणूस विचारस्वातंत्र्यावर काय बोलणार? पण त्यांनी वादच घातला नाही. "सूट आहे. त्या तासाला ती बाहेर बसेल," म्हणाल्या आणि शिक्का मारला. मी छाती फुगवून उठलो. खुर्चीही माझ्याबरोबर उठली. ती शिपाईमामांनी ओढून काढली.

पुढच्या गुरुवारी भिंगरी पाण्याची बाटली विसरली, म्हणून द्यायला गेलो. ताई, वर्गाचं दार बंद, आतून बाईंचा गोष्ट सांगण्याचा आवाज, आणि लांबच लांब व्हरांड्यात बाकावर एकटी आमची पोर. पाय जमिनीला टेकत नव्हते. मला बघून ओठावर बोट ठेवून म्हणाली, "शू! गोष्टीतलं जहाज बुडतंय, मला ऐकू येत नाही." मग हळूच विचारलं, "बाबा, मी काय केलं म्हणून मला बाहेर काढलंय?" माझं तत्त्व होतं ते, आणि बाकावर ती बसली होती.

तिथून थेट मुख्याध्यापिकांकडे गेलो. (उभाच राहिलो.) अर्ज मागे घ्यायचाय म्हटल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यासाठी अर्ज द्यावा लागेल." हा मात्र पहिल्या फटक्यात लिहिला, दोन ओळींचा. घरी भिंगरीला बसवून सांगितलं की बाईंना वाटतं देव आहे, आम्हाला वाटतं नाही. तू सगळं ऐक आणि हवं ते विचार. तिने नीट ऐकून घेतलं. "ठीक आहे. मी मोठी झाले की तुम्हाला सांगते," म्हणाली आणि खेळायला पळाली. आम्ही वाट बघतोय.

पाकिटातलं चित्र तिने तुझ्यासाठी काढलंय. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. लिहायचं मुख्य कारण राहिलंच. शाळेच्या कार्यक्रमात प्रार्थना म्हणायला भिंगरीलाच पुढे उभं करणार आहेत. तिसऱ्या कडव्यावर ती अडते आणि आमच्या घरात ते कुणाला विचारणार? तू रोज सकाळी म्हणतेस तीच प्रार्थना आहे. फोनवर रेकॉर्ड करून पाठव. सावकाश म्हण. मध्ये हसू नकोस.

ता. क. २. फक्त तिसरं कडवं पाठव. काल बंद पडलेल्या लिफ्टच्या छतावर बसून पाना फिरवताना पहिली दोन मीच गुणगुणत होतो, हे आत अडकलेल्या आजीबाईंनी "पुढचं म्हणा ना!" असं ओरडून सांगितल्यावर माझ्या लक्षात आलं. हिला सांगू नकोस.