उजव्या कोपऱ्यातली सही

बिबवेवाडी, पुणे
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय कचरू,

पत्ता धम्मदीपकडून मिळाला. तुझा मुलगा माझ्याशी फार जपून बोलला. चूक त्याची नाही. तुझे गुडघे कसे आहेत? माझं बरं चाललंय. सौ. मंदाकिनी मीठ मोजून देते, म्हणजे मला अजून जगवायचा विचार दिसतो.

कामाचं सांगतो. सलिल म्हणून एक रेल्वेवेडा आहे. त्याने जुन्या इंजिनांचं प्रदर्शन मांडलंय. मधोमध आपल्या ड्रॉइंग ऑफिसातला एकोणऐंशी सालचा नकाशा, डब्ल्यूसीपी-वनचा. डेक्कन क्वीन ओढणारं ते विजेचं इंजिन. खाली कार्ड : ‘रेखाटन – अनंत गोवंडे’.

काल अपूर्वा नावाच्या इंजिनिअरिंगच्या मुलीने विचारलं, “काका, एका टोकाला छोट्या चाकांच्या दोन जोड्या, दुसरीकडे एकच. असं का?”

“तेव्हा पद्धतच होती तशी,” मी म्हणालो. कसली डोंबलाची पद्धत! तिनेही ओळखलं.

इंजिन-शेडमधल्या तपासणीच्या खड्ड्यात तू उतरला होतास. इंजिनाखाली बसून मापं तू घेतलीस. मी वरून ओरडत होतो, “दोन्ही टोकं सारखीच असणार, वेळ घालवू नकोस.” चार दिवस माझी बोलणी खाऊन तू दोन्ही टोकं होती तशी वेगवेगळीच काढलीस. मी सही केली, आणि त्यावर बढतीही घेतली.

इतकी वर्षं सांगत आलो, साहेबांना घाई होती म्हणून माझी एकट्याची सही झाली. थाप आहे ती. माझ्या हाताखालचा, त्यातून तुमच्या वस्तीतला मुलगा माझ्याहून सरस काम करतो, हे मला सोसवलं नाही. जात आडवी आली, दुसरं काही नाही. लाज वाटते रे लिहिताना. तू बोलणं टाकलंस, तेव्हा ‘मिजास वाढली’ असं ऑफिसभर मीच पसरवलं.

आज सकाळी सलिलला सगळं सांगितलं. म्हणाला, “काका, कार्ड बदलू, मूळ कागदाला हात नको.” मी कुणाचं ऐकतोय! ब्लेडने शाई हलकेच खरवडून माझी सही काढली. तुझ्या एकाही रेषेला धक्का लागला नाही.

रविवारी शेवटचा दिवस. सकाळी दहाला सलिल तुझ्याकडे वाघोलीला गाडी पाठवेल. अपूर्वाही येणार आहे, तिला उत्तर तूच दे. मोकळ्या जागी सलिल तुझं नाव लिहायला निघाला होता. मी पेन काढून घेतलं. तुझ्या कामावर दुसऱ्याने सही केली, ती एकदा झाली तेवढी पुरे.

मित्र म्हणवून घ्यायचा हक्क मी घालवला, म्हणून नुसताच

अनंत गोवंडे