मागं बघू नको

आबा, आज मी कॉलेजात एक काम केलं, अगदी तुमच्यासारखं. घरी येईपर्यंत ते कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं आणि तुमच्याशिवाय कुणी आठवेना. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. मेंढरांमागं हिंडणाऱ्या माणसाच्या लेकीच्या हातात अख्ख्या ग्रंथालयाच्या किल्ल्या आहेत, हे बघायला तुम्ही हवे होतात.

सकाळी हर्सूलहून निघते. दार उघडून वर्तमानपत्रं दांड्यांना अडकवते, तोवर स्पर्धा परीक्षेची पोरं खिडकीजवळची जागा धरायला येऊन उभी असतात. मग दिवसभर पुस्तकं द्यायची, घ्यायची, जागेवर लावायची. मधेच एखादे प्राध्यापक येऊन म्हणतात, ते निळं पुस्तक द्या. नाव नाही, लेखक नाही, नुसतं निळं. आणि मी देते, आबा.

मी आले तेव्हा इथं कपाटांना कुलपं होती. चिठ्ठी लिहून द्यायची, मग शिपाई पुस्तक आणून देणार. पाचोडकडनं, सोयगावकडनं आलेल्या पोरींना पुस्तकांची नावंच ठाऊक नसायची, त्या चिठ्ठीत लिहिणार काय? थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि निघून जायच्या. मी भांडभांड भांडून ती कुलपं काढायला लावली. आता त्या स्वतःच्या हातानं पुस्तक काढतात, चाळतात, नाही पटलं तर दुसरं घेतात. सगळ्या नोकरीत मी एवढंच केलं म्हणा, पण लई मोठं काम केलं.

काल वर्षाची तपासणी संपली आणि परीक्षेला लागणारी नेमकी पुस्तकं जागेवर नव्हती. काय होतं ते मला माहीत आहे ना. प्रत एकच असते. मग कुणी अर्थशास्त्राचं पुस्तक व्याकरणाच्या मागं दडवतं, दुसऱ्या दिवशी आपल्यालाच मिळावं म्हणून. कुणी न नोंदवता घरी नेतं. प्राचार्य भडकले. पोरांच्या पिशव्या तपासा, नावं द्या, नाहीतर परवापासून पुन्हा कुलपं, म्हणाले. पिशव्यांना हात लावायला मी सरळ नकार दिला. आज संध्याकाळपर्यंत मुदत मागून घेतली खरी, पण जीव टांगणीला लागला होता.

तेव्हा तुमचं ते कोकरू आठवलं. सोयगावच्या रानात आपली मेंढरं जाळीच्या कुंपणात बसवलेली, आणि सांजच्याला एक कोकरू कमी भरलं. गावातल्याच कुणीतरी उचललं होतं. आई म्हणत होती, घरोघर जाऊन हुडका. तुम्ही पारावर जाऊन एवढंच सांगून आलात, की मी ओढ्यावर चाललोय, जाळी उघडी हाय. मग मला घेऊन ओढ्यावर बसलात, जाळीकडं पाठ करून. मी मान वळवली तशी डोक्यात टपली बसली.

"मागं बघू नको. परत आणणाऱ्याला तोंड लपवायला जागा पायजे."

आपण परत येतो तर कोकरू आईला लुचतंय. तुम्ही हसलासुद्धा नाहीत, चूल पेटवायला लागलात.

काल मी वाचनकक्षात उभी राहून सांगितलं, उद्या जेवणाच्या सुट्टीत मी दाराकडं पाठ करून डबा खाणार, टेबल मोकळं असेल, कुणाला काही विचारणार नाही. आमचे शिपाईमामा म्हणाले, मॅडम, येड्यात काढतील. आज दाराकडं पाठ करून डबा उघडला. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, संपलं. आणि मग मागं पावलं वाजली. टेबलावर काहीतरी अलगद ठेवल्याचा आवाज. थोड्या वेळानं परत पावलं, परत आवाज. मी भाकरीचा एकच तुकडा चघळत बसले होते, आबा, आणि डोळ्यांतनं पाणी येत होतं.

सगळी पुस्तकं आली. कधीकाळी गेलेलं, आम्ही आशा सोडलेलं एकसुद्धा आलं. प्राचार्यांनी ढीग बघितला, चष्मा वर केला आणि कुलपं नकोत म्हणाले. माझी छाती अशी फुगली म्हणता!

हे पत्र आता किल्ल्यांच्या खणात ठेवते, पाठवणार कुठं? एक मात्र कबूल करते. मी पाठ केली होती खरी, पण समोरच्या कपाटाला काच आहे, आणि मी तिच्यात बघितलं. कोण कोण होतं ते तुम्हालाही सांगणार नाही.