श्रावणात माठ गार होत नाही

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मनातल्या मनात तुझ्याशी भांडायची माझी सवय काही जात नाही. आज रविवार आहे. अकोल्याच्या घरात सकाळपासून मी एका जागी बसलेली नाही. उद्याची साडी दोनदा इस्त्री केली, गॅस पुसला, पुन्हा पुसला. उद्या सकाळच्या गाडीनं अमरावतीला जायचंय. प्राथमिक शिक्षकांचं आमचं प्रशिक्षण उद्या संपतं, आणि त्यातल्या एका पोरीला मी साहेबांसमोर उभं करणार आहे. करू की नको, हे तुलाच विचारायचं होतं. तू चांदूर बाजारजवळच्या त्या शाळेत जन्मभर चौथीच्या पोरांना शिकवलंस आणि मी शिकवणाऱ्यांना शिकवते. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "म्हंजे लेकरायपासून दूर पळाली तू." बरोबरच आहे म्हणा.

आता नव्या पद्धतीत विज्ञान वेगळं, गणित वेगळं असं शिकवायचं नाही. एखादी वस्तू पोरांनी हातानं बनवायची, मोजायची, बिघडली तर दुरुस्त करायची आणि त्यातूनच सगळं एकत्र शिकायचं. कल्पना चांगली आहे, मला मनापासून पटते. त्यासाठी आम्हाला पुस्तिका आली. तिच्यात एक पाठ आहे : मोठ्या माठात छोटा माठ ठेवा, मधल्या फटीत रेती भरा, रेती ओली करा, झाला बिनविजेचा फ्रीज. आतला पारा चार-पाच अंशांनी उतरतो असं छापलंय. उतरतोही, पण आपल्या वैशाखात. प्रशिक्षण ठेवलं श्रावणात, कारण उन्हाळ्यात सगळ्यांना सुट्ट्या. हवाच ओली, तर रेतीतलं पाणी उडणार कुठे?

तू त्या हॉलमध्ये असायला हवी होतीस. चहाच्या सुट्टीत सगळे शिक्षक व्हरांड्यात उभे, आणि बोलणं काय, तर पाऊस लागल्यापासून कुलरमध्ये पाणी टाकायची सोय नाही, नुसता पंखा चालवावा लागतो. "पाणी टाकलं की अंग कसं चिकचिक करते," एक गुरुजी म्हणाले आणि सगळ्यांनी माना हलवल्या. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. चहा संपला, सगळे आत आले, आपापल्या माठापाशी बसले आणि एकेका गटानं फळ्यावर लिहिलं : पारा पाच अंशांनी उतरला. मी माठात हात घालून पाहत फिरले. पाणी होतं तसंच. कुलरचं ज्ञान चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवलेलं.

एकच गट थांबला होता. त्यात मोर्शीकडच्या उर्दू शाळेतली एक पोरगी आहे, नोकरीला लागून वर्षही झालेलं नाही, अजून कायम व्हायची आहे. ती उभी राहिली. "मॅडम, पारा तर हलूनच नाही राह्यला. काय लिहू?" मी म्हटलं, जे दिसतं ते लिही. तिनं लिहिलं, आणि खाली आणखी एक ओळ घातली : कुलर पण आजकाल काम करत नाही, दोघांचं कारण एकच असेल का? आई, मला इतका आनंद झाला की मी तिथेच टाळी वाजवली. इतक्या वर्षांत कुणी मला प्रश्न लिहून दिला नव्हता.

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. आमचे प्रमुख मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, समारोपाले साहेब येऊन राह्यले. चालणारा प्रयोग दाखवा नं. त्या पोरीले काहून पुढं करता? तिचंच नुकसान होईन." माणूस वाईट नाही. मी मात्र तावातावानं म्हणाले की तीच दाखवेल, तोच माठ, तोच पारा. बोलून बसले. तेव्हापासून तो शब्द परत घ्यावासा वाटतोय.

कारण मला तुझी सरकी आठवते. शाळा तपासायला साहेब आलेले, मी तुझ्याच वर्गात शेवटच्या रांगेत बसलेली. प्रत्येक वर्गानं करवंटीत कापसाची सरकी पेरली होती आणि आपली उगवलीच नव्हती. शेजारच्या वर्गाचे गुरुजी मागच्या दारातून स्वतःच्या हिरव्यागार करवंट्या घेऊन आले. तू हात जोडून त्यांना परत पाठवलंस. साहेब येतात. तू आपल्याच करवंट्या टेबलावर मांडतेस आणि पोरांना विचारतेस, काहून नाही उगवली? एक पोरगी माती उकरते, वास घेते, म्हणते, "बाई, सडली. पाणी लई झालं." तुझा चेहरा काय उजळतो! आणि साहेब आमच्या सगळ्यांदेखत म्हणतात, "बाई, वऱ्हाडात राहून तुम्हाला सरकी उगवून दाखवता येत नाही?"

ही गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. लोकांना आवडते. पण मी ती पोरीच्या उत्तरावर थांबवते. साहेबांचं बोलणं गाळते आणि संध्याकाळही गाळते. तू चुलीपुढे झुणका घोटत होतीस. मी म्हटलं, गुरुजींच्या करवंट्या घेतल्या असत्या तर? तू वळलीस आणि जोरात म्हणालीस, "मंग पोरायनं काय पाह्यलं असतं वं? सांग नं!" तू सगळ्यांना वाढलंस आणि स्वतः जेवली नाहीस. भाकर टोपलीत तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तू नेहमीसारखी चाललीस, पण मला ती भाकर अजून दिसते.

तुला पश्चात्ताप झाला होता का गं? एवढं एक तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. तुझं तू सोसलंस, तो तुझा हक्क होता. मी मात्र दुसऱ्याच्या लेकीला पुढे करते आहे. उद्या साहेब हसले, तिच्या नावापुढे काही शेरा पडला, तर घरी जाऊन न जेवणारी ती असेल. आणि नाही उभं केलं, तर तो सगळा हॉल पुन्हा आपल्या शाळांमध्ये जाईल आणि पोरांकडून पाच अंश लिहून घेईल.

मला अकोल्यात नोकरी लागली तेव्हा तू स्टीलचा थर्मास दिला होतास. "इथलं ऊन खतरनाक हाये, बाहेरचं पाणी पिऊ नको," असं बजावून. त्यात सकाळी टाकलेला बर्फ भर उन्हाळ्यात संध्याकाळी खुळखुळतो. मघाशी मी तो माळ्यावरून काढला, घासला, ओट्यावर उपडा ठेवला. फ्रीजमध्ये बर्फाचे ट्रे भरलेत. रेतीत साध्या पाण्याऐवजी थर्मासमधलं बर्फाचं पाणी ओतलं की पारा उतरेल, टाळ्या पडतील, कुणाला कळणार नाही. ती पोरगी सोडून. माठात हात तिचा असेल.

तिच्या नोकरीसाठी करते आहे, असं मी सकाळपासून स्वतःला समजावलं. तुला लिहायला बसले तेही तू "कर" म्हणावंस म्हणून. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते बरंच आहे. ती पोरगी घाबरलेली नाही, आई. काल फोनवर हसत म्हणाली, "मॅडम, साहेबांनाच विचारू नं, त्यांच्या घरचा कुलर चालू आहे का?" घाबरले आहे ती मी. थर्मास मी माझ्यासाठी काढलाय.