सुखदेवचा फेटा

२८ सप्टेंबर, रविवार
तालुक्याचा दिव्यांग मेळावा आटोपून आत्ता आले. पाय सुजलेत. आमच्या बौद्धिक दिव्यांग लोकांना नेहमीप्रमाणे मंडपाच्या कडेला बसवलं, गुलाबाचं एकेक फूल हातात दिलं. साहेब भाषणात म्हणाले, "ही निरागस बालकं." माझा भाऊ सुखदेव चाळिशी ओलांडलेला, त्याची दाढी मी करून देते, तोही बालक. मला दोन मिनिटं मिळाली. दरवर्षीचंच बोलले: यांच्याबद्दल काही ठरवायचं तर आधी यांना विचारा. टाळ्या पडल्या. मग जेवणाची पाकिटं.
अंगणवाडी सांभाळून किती वर्षं हे करत फिरते आहे. खरं सांगायचं तर कंटाळा आला आहे.
घरी आले तर सु. दारातच उभा. "ताई, मंडई कवा?" दिवाळी व्हायची आहे अजून, मंडई म्हणजे आमच्या गावची जत्रा तिच्या नंतर.

३ ऑक्टोबर
चावडीवर मंडईतल्या खडी गंमतीची, आमच्याकडच्या तमाशाची, तालीम सुरू झाली. डफ इथपर्यंत ऐकू येतो. सु.चा पाय घरात ठरत नाही.
दरवर्षी मंडईला गाव पाहुण्यांनी भरतं, आणि दुपारी गंमत रंगात आली की सु.ला मधे उभा करतात. बायका होणारे नाचे लोक कसे नीट नटतात, काजळ काय, घुंगरू काय. याला मात्र पँटवरूनच लुगडं गुंडाळतात. शाहीर विचारतो, "सुक्या, तुझा नवरा कोठी गेला वो?" हा म्हणतो, "मंडई पाहाले." पब्लिक लोटपोट. आई होती तेव्हा तीही हसायची, पदर तोंडाला लावून. मला नाही पाहवत. हल्ली मी जातच नाही, घरी बसते.
यंदा बोलायचंच.

५ ऑक्टोबर
शाहिरांना गाठलं. दामाजीकाका, बाबांचे सोबती. त्यांच्या शेतात बांधीच्या धुऱ्यावर उभे होते, धान पाहत. म्हटलं, त्याला माणसासारखं काम द्या, नाहीतर उभाच करू नका.
"हासवते तो लोकायले. त्यात वाईट काय?"
"तो हसवत नाही काका. त्याला हसतात."
धानाची एक लोंब हातावर चोळून पाहिली. मग, "बरं माय. नको त नको."
संपलं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. इतक्या लवकर जिंकायची सवय नाही. परत येताना काही बरं वाटत नव्हतं.

७ ऑक्टोबर
सु.ला तालमीतून परत पाठवलं. चप्पल तिथंच सोडून आला. "तुझ्या ताईनं नाई म्हटलं," असं सांगितलं त्याला. खोटं काय आहे त्यात?
जेवला नाही. "तू बंद केली. तू." माझी सायकल अंगणात आडवी पाडली. थोड्या वेळानं स्वतःच उभी केली, सीट पुसली. मग मात्र मला रडू आलं.

१२ ऑक्टोबर
ग्रामसभेत विषय काढला. गावच्या कार्यक्रमात सु.सारख्यांना मानानं जागा द्या, असा ठराव करा म्हटलं. सरपंचबाई म्हणाल्या, "पूर्ण गाव जीव लावते त्याले बाई. चहा पाजल्याबिगर कोनी सोडते का?"
खरं आहे. या गावात सु. कधी उपाशी राहिला नाही, कुणी त्याला हाकललं नाही. वाईट लोकांशी भांडता येतं. ठराव पुढच्या सभेत पाहू म्हणाले. ग्रा.पं.ची पुढची सभा म्हणजे...
सु. अजून ताई म्हणत नाही. पाणी हवं असेल तर गिलास दाखवतो.

१७ ऑक्टोबर
परवा काका आपण होऊन घरी आले. "डफ धरू दे त्याले. पाहू." सु. धावतच गेला. आज मीही जाऊन बसले.
ताल चुकतो. सांगितलं तरी चुकतो. तुणतुणंवाला थांबतो, पोरं हसू दाबतात. शेवटी काकांनी डफ काढून घेतला, अगदी हळू, झोपलेल्या लेकराच्या हातातून खेळणं घ्यावं तसा. "चुकून राहिला माय. मी काय करू?"
राग आला. पण कान मलाही आहेत.

१९ ऑक्टोबर
दिवाळीची भांडी काढली. सु. हंड्यानं पाणी आणून देत होता. घासता घासता विचारलं, "सुखदेव, मंडईत तुला काय करायचं आहे?"
आणि लक्षात आलं, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. माइक धरून साहेबलोकांना सांगते, यांना विचारा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.
त्यानं हंडा खाली ठेवला. "लुगडं नको." मग थांबून, "फेटा पायजे. नवरदेव."
"आणि लोक हसले तर?"
"हासू दे ना. हासते त पाहाते. बाकी दिवशी कोन पाहाते मले?"
घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसले.

२५ ऑक्टोबर
भाऊबीज झाली. ओवाळून घेतलं, पण ताई म्हणाला नाही.
काकांना सांगितलं, त्याला फेटा हवा आहे.
"फेटा बांधला त लोकं हासनार नाई."
"नको हसू दे."
"मंग गमतीत कायले ठेवाचा त्याले?"
नवरदेव व्हायचं आहे त्याला, मी सांगितलं. तिथं तो काय बोलणार, असं विचारलं त्यांनी. म्हटलं, त्याचं तो ठरवेल.
"अन् पब्लिकसमोर चूपच राहिला त?"
"तर राहील चूप."
काकांनी तंबाखू मळली. "आनजो. पाहू." हो म्हणाले की नाही, घरी येईपर्यंत विचार केला. कळलं नाही.

२९ ऑक्टोबर, मंडई
कामठ्याची मावशी कालच आली. घरात पाय ठेवायला जागा नाही. बाबांचा गुलाबी फेटा पेटीतून काढला, डांबरगोळीचा वास अजून आहे. मला बांधता येईना, सुटत राहिला. शेवटी मावशीनंच बांधला, कुरकुरत. "लगन नाई, काई नाई, फेटा काऊन बांधून राहिली त्याले? लोकं काय म्हनतील?" म्हटलं, म्हणू दे.
सु. आरशापुढून हलेना. काकांचा निरोप नाही. उभा करतील की फेटा बांधून कडेलाच बसवतील, काही सांगता येत नाही.
आता डफ वाजला. हात धरायला गेले तर त्यानं सोडवून घेतला. उंबऱ्यावरून वळून म्हणाला, "ताई, समोर बसजो. अन् हासजो."
ताई म्हणाला.
तो कोपऱ्यापर्यंत पोचला असेल, एवढं लिहून निघते. समोर बसणार, हे ठरलं. हसण्याचं अजून ठरत नाही.