चौदा माणसांची केबिन

२८ मार्च, ईस्टरचा गुरुवार. सकाळी ७.१०
बाबांची डोंगरातली जुनी लाकडी केबिन बर्फाच्या भाराने बसली, त्याला वर्ष झालं. आज कुटुंबाची बैठक. आई एक्क्याऐंशीची. तिचं एकच मागणं : एका तरी ईस्टरला आपण चौदाच्या चौदा जण एका छपराखाली झोपावं. आत्ता खालच्या गावात भाड्याच्या खोल्यांत विखुरलोय.
माझा प्लॅन तयार आहे. ११२ चौरस मीटर. आर्किटेक्ट नको. लायब्ररीतली तीन पुस्तकं वाचली, दोनांत चुका सापडल्या.

दुपारी
थोरली बहीण सिगरून म्हणाली, अरे, केबिन बांधतोयस की हॉटेल? धाकट्या भावाने, हाल्वोरने, लिफ्ट कुठे आहे म्हणून विचारलं. दुर्लक्ष केलं. प्लॅन फायनल.

३० मार्च
आखणी केली. बर्फ छातीइतकं. बांबूच्या काठ्या, लाल दोरी. दोन कर्णांत फरक चार मिलिमीटर. तो दोरीचा दोष. जागा टेबलासारखी सपाट! ही सोडून बाबांनी वर चढावर का बांधलं, देव जाणे. बाबांना माप कळत नव्हतं.
हाल्वोरने विचारलं, तळ्याचा काठ नक्की कुठे रे? म्हटलं, पन्नास वर्षं येतोय मी इथे.
कोपऱ्याच्या काठीसाठी खोल भोक पाडलं तर पाणी लागलं. विहिरीचाही प्रश्न मिटला.
आई दोरीच्या आत खुर्ची टाकून बसली, संत्रं सोललं, माझी खोली कोणती विचारलं. तू बसलीयस तीच, म्हटलं. फार खूश झाली.

२ जून
बर्फ गेलं.
स्वयंपाकघर तळ्यात. आईची खोलीही. बाथरूमही, पण ते एका अर्थी सोयीचं.
तीन काठ्या पलीकडच्या काठाला लागल्यात. हाल्वोर म्हणाला, आईला पांघरुणाऐवजी लाइफजॅकेट दे. सिगरूनने नुसतं माझ्या खांद्यावर थोपटलं. ते जास्त लागलं.
नोंद : माप चुकलेलं नाही. माप अचूक आहे. फक्त जागा.

९ जून
कोरडी जमीन मोजली. एकीकडे दलदल, एकीकडे कडा. उरतं सहा बाय चार मीटर, बाबांचं जुनं जोतं होतं तेवढंच.
तीन मजली बंक-पलंगांचा पर्याय मांडला. सिगरूनने विचारलं, वरच्या मजल्यावर आईला तू उचलून टाकणार का? चर्चा तिथेच संपली.
मतदान. २४ चौरस मीटर, चार बंक, प्रत्येक घराने पाळीपाळीने जायचं. विरोधात एक मत. माझं. आई म्हणाली, काहीतरी बांधा रे, माझ्या डोळ्यांदेखत.

२९ सप्टेंबर
छप्पर झालं. पाळ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. पुढचा ईस्टर सिगरूनकडे, २०२६ चा हाल्वोरकडे, २०२७ चा माझ्याकडे. आई तेव्हा चौऱ्याऐंशीची असेल. त्यात काय, तिची तब्येत खणखणीत आहे.
यंदा मला नोव्हेंबरचा तिसरा आठवडा.

१८ नोव्हेंबर. दुपारी ३.४०, अंधार पडतोय
बायको म्हणाली, नोव्हेंबरात तिथे कोण मरायला जातं, तूच जा. मुलांना कामं. एकटाच आलो. दार नीट बसतंय. खिडकी दोन मिलिमीटर तिरकी, ती हाल्वोरने बसवलेली.
आईचा फोन आला. विचारत होती, सगळे मावलात ना रे?
हो म्हटलं. ऐसपैस.